सर्व्हरचं बारसं

चाफेगडच्या सर्व्हरमधून राजे इंद्रसेनांच्या खासगी कविता थेट शेजारच्या राज्यात पोचल्या! तिथला राजा त्या वाचून पोट धरधरून हसतोय म्हणे.

"ही फितुरी कुणाची?" राजे कडाडले.

सर्व्हरची देखभाल करणारे म्हादबा हळूच खांबाआड सरकले. त्यांची मुलगी सगुणा मात्र पुढे झाली.

"फितुरी कसली महाराज, झोपेचा घोळ! सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं आहेत. एक महालाकडे, एक बाहेरच्या जगाकडे. यंत्र सुरू होताना जे आधी जागं होईल, त्याचं नाव 'पहिलं'. आणि पहिलं म्हणजे महालाचं, असं सगळे धरून चाललेले. काल वीज गेली, परत आली, आणि बाहेरचं आधी उठलं! 'पहिल्या'कडे धाडलेल्या कविता गेल्या थेट बाहेर!"

राजे पडले हट्टी. "मग उद्या कोण आधी उठणार ते सांग! नाही जमलं, तर बापलेक राज्याबाहेर!"

"पोरी, हे ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का गं?" म्हादबा कळवळले.

"त्याला विचारतंय कोण, बाबा!" म्हणत सगुणा कीबोर्डपाशी बसली.

सकाळी दरबारासमोर यंत्र बंद केलं, चालू केलं. कविता महालातच! पुन्हा बंद, पुन्हा चालू. राजांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. कविता जागच्या हलेनात!

"ठीक. पण कोण आधी उठलं?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे हरलीस!"

"थांबा महाराज. आपल्या जुळ्या राजपुत्रांपैकी आज आधी कोण उठलं?"

राजे गडबडले. तेव्हा ते स्वतःच घोरत होते.

"धाकटे, जयसिंह," राणीसाहेब हसू दाबत म्हणाल्या.

"मग आजपासून तेच थोरले?"

"खुळी की काय!" राजे ओरडले. "थोरला अजयच! बारशाला नाव ठेवलंय त्याचं. कानामागे तीळ आहे, कुणीही ओळखेल!"

"कार्डांनाही जन्मखूण असते, महाराज! प्रत्येकाला कारखान्यातच वेगळा क्रमांक मिळतो. तो सर्व्हरला दाखवला आणि दोघांचं बारसं उरकलं. एक 'महाल', दुसरं 'वेस'. आता हवं ते आधी उठू दे, नाव बदलायचं नाही. मग तुमचा तो प्रश्न हवाय कुणाला?"

राजे असे खदखदून हसले, की मुकुट कपाळावर आला!

"राणीसाहेब, बारशात मान कुणाचा?"

"नाव ठेवणाऱ्या आत्याचा!" राणीसाहेबांनी सगुणाच्या हातावर पैठणी ठेवली, वर सोन्याच्या बांगड्या, आणि रीतीप्रमाणे तिच्या पाठीत एक सणसणीत धपकाही घातला.