सिंहाच्या पाठीवरचा हात

फार जुन्या काळी असीरियाच्या राजवाड्यात इद्दिन पाथरवटाकडे एक छिन्नी होती. कामाला चोख, पण भारी चौकस.

राजानं केलेली सिंहाची शिकार भिंतीवर कोरायचं काम निघालं. राजाचा चेहरा इद्दिननं ठरलेल्या नमुन्यावरून दोन दिवसांत उरकला. सिंहापाशी मात्र महिना घालवला. पाठीत बाण रुतलेला, मागचे पाय फरपटणारा तो सिंह कोरताना इद्दिन मध्येच थांबायचा आणि डोळे पुसायचा.

छिन्नी गोंधळून गेली. "हातोडेदादा, मोठेपण राजाचं दाखवायचंय ना? मग आपण सिंहापाशीच का घुटमळतोय? आणि सिंह तर पिंजऱ्यातून आणून सोडला होता. यात कसला पराक्रम?"

"मला काय विचारतेस बाई? मी आपला घाव घालतो," हातोडा म्हणाला.

भिंत पुरी झाली. राजा आईला घेऊन मोठ्या हौसेनं आला. राजमातेला दिसत नव्हतं, म्हणून ती हातानं भिंत चाचपू लागली. राजाच्या दाढीवरून हात सहज पुढे सरकला, पण सिंहाच्या पाठीवर येऊन थबकला.

"अगं आई गं!" ती कळवळली. "मुक्या जिवाचे काय हे हाल! कोण रे तो मेला, ज्यानं हे केलं?"

छिन्नीला वाटलं, आता राजा छाती फुगवून सांगेल, 'मी!' पण भिंतभर स्वतःचं नाव कोरून घेतलेला राजा आईला ते नाव काही सांगेना.