न तुटलेला बेल्ट

दिगंबरकाकांच्या व्हॅनमधून गावातली मुलं रोज घाट उतरून शाळेत जातात. परवा मी काकांबरोबर गॅरेजवर गेले होते.

"गाडी लाखाच्या वर पळालीय, टायमिंग बेल्ट बदला," मेकॅनिक याकूबभाई म्हणाले. "आठ हजारांत होईल. घाटात तुटला तर गाडी जागीच बंद, आणि इंजिनाचे साठ हजार वेगळे."

"आत्ता तुटलाय का?" काका गरजले. "नाही ना? तुम्ही लोक नुसते लुबाडता!"

आमच्या घरातल्या मोठ्यांना आवाज चढवला की आपण जिंकलो असं वाटतं. सगळं गॅरेज आमच्याकडे बघत होतं. शरमेनं मी काकांच्या पाठीमागे सरकले. तेवढ्यात काकांच्या कॉलरमधून डोकावणारं पांढरंशुभ्र जानवं दिसलं.

"काका, काल श्रावणीला जानवं बदललंत. जुनं तुटलं होतं का?"

"तुटेपर्यंत थांबतात का गं? वर्ष झालं की बदलायचंच..." काका बोलता बोलता थांबले. कानांपर्यंत लाल झाले.

कुणीच हसलं नाही. काकांनी खाली मान घालून किल्ली पुढे केली. "याकूबभाई, मघाशी बोललो ते..."

"राहू द्या. पण बेल्ट उद्या मिळेल."

"मग उद्या मुलं एसटीनं जातील," काका हळूच म्हणाले.