अडलेला झुरका

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा ते मला विचारू नका. एवढंच सांगतो, की ते राज्य पानमळ्यांचं होतं. जिकडे बघावं तिकडे नागवेली चढलेल्या. माणसं सकाळी उठून आधी वेलींना पाणी घालायची, मग स्वतःच्या तोंडावर मारायची.

अशा राज्यात पानाला मान असणारच. तिथली रीतच होती, की पान उंबऱ्याच्या आत आलं की आधी त्याला पाणी द्यायचं. दारी आलेल्या पाहुण्याच्या पायांवर घालतात ना, तसं. वरून शिंपडायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि तळघरात माठात ठेवायचं. कुठलं पान, कशासाठी आणलं, असलं काही कुणी विचारत नसे. पान म्हटलं की पाणी, संपला विषय.

राजवाड्यात हे काम एका बाईकडे होतं. सगळे तिला पानकाकू म्हणत, अगदी राजासुद्धा. काकूच्या हातचं पान कधी सुकलं नाही की सडलं नाही, आणि हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असे. स्वभावाने वाईट नव्हती हो. पण आपल्या कामात कुणी नाक खुपसलेलं तिला मुळीच खपत नसे.

एकदा काय झालं, पलीकडच्या डोंगरी मुलखाचा राजा पाहुणा म्हणून यायचा होता. दोन्ही राज्यांत कित्येक वर्षं धुसफूस चालली होती, ती आता कुठे मिटायच्या बेतात होती. त्या राजाला विड्याचं पान चालत नसे. त्याला लागायचा चिरूट, म्हणजे तंबाखूची पानं घट्ट वळून केलेला, बोटाएवढा जाड. जेवण झालं की चिरूट पेटवायचा, चार झुरके ओढायचे आणि मगच कामाचं बोलायला बसायचं, अशी त्याची सवय.

इथे तर चिरूट कुणी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मग राजाने माणसं धाडून दूरच्या गावचा एक चिरूट वळणारा बोलावून घेतला. मध्यम वयाचा, कमी बोलणारा माणूस. बोटं तंबाखूने तपकिरी पडलेली. त्याने राजासमोर एक चिरूट पेटवून दाखवला. धूर कसा सुरेख निघाला. राजा खूश झाला. त्याने होते नव्हते तेवढे सगळे विकत घेतले आणि म्हणाला, "पाहुणे परत जाईपर्यंत तूही राहा इथेच."

चिरुटांच्या जुड्या काकूच्या हवाली झाल्या. चिरूटवाल्याने तिला विचारलं, "काकू, हे कुठे ठेवणार?"

"पानं जिथे ठेवतात तिथे."

"तसं नाही, म्हणजे ह्यांना जरा..."

"हे बघ बाबा," काकू म्हणाली, "माझा अख्खा जन्म पानांत गेला. आता तू मला पान सांभाळायला शिकवणार का?"

तो बिचारा गप्प बसला. परक्याच्या वाड्यात वाद कोण घालील? काकूने जुड्या खाली नेल्या, रीतीप्रमाणे पाणी शिंपडलं, ओलं फडकं गुंडाळलं आणि माठात ठेवून दिल्या. बरं, नुसती ठेवून मोकळी झाली नाही. फडकं सुकायच्या आत रोज जाऊन ते पुन्हा भिजवत होती. माया होती ना पानांवर.

पाहुणा राजा आला. जेवणं झाली, दरबार भरला. काकूने स्वतः एक जुडी सोडून तबकात चिरूट मांडून आणले. वरचा ओलावा तिने पदराने पुसला होता, त्यामुळे ते कसे चकचकीत दिसत होते. पाहुण्याने एक उचलला, टोक दातांनी तोडलं, दुसऱ्या टोकाला निखारा लावला आणि झुरका ओढला.

काही नाही.

त्याने पुन्हा ओढला. गाल आत गेले, कपाळावरची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं. धुराचा पत्ता नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, सगळ्यांची तीच गत. कुणी कुणाकडे बघेना.

मग काय, जो तो शहाणपण शिकवायला पुढे. दिवाणजी म्हणाले, "टोक कमी तुटलंय, जरा जास्त कापा." कापलं, तर पाहुण्याच्या तोंडात सगळा चुरा आला. सेनापतींनी लांब सुई मागवली आणि चिरुटाच्या आरपार घातली. चिरूट मधोमध उकलला. राजवैद्यांनी एक चिरूट तळहातांत धरून वातीसारखा मळला, मग उलट्या बाजूने जोरात फुंकला, आणि निखाऱ्याचा पेटता कण पाहुण्याच्या दाढीवर जाऊन पडला. आता ह्यावर हसावं की रडावं तुम्हीच ठरवा. तिथे मात्र कुणीही हसलं नाही.

पाहुण्याने दाढी झटकली. तो शांतपणे म्हणाला, "राजेसाहेब, आमच्याकडे शत्रूच्या हातातसुद्धा असा चिरूट देत नाहीत."

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. कित्येक वर्षांनी जुळत आलेलं सगळं चार फुसक्या चिरुटांपायी मोडणार, ह्या विचाराने त्याचं डोकं फिरलं. त्याने चिरूटवाल्याला समोर उभं केलं.

"दाखवताना चांगला दाखवलास आणि देताना हे दिलेस? दोर आवळावा तसे आवळून वळलेत. आत हवा शिरायला जागा नाही."

चिरूटवाल्याने हात जोडले. तो म्हणाला, "महाराज, सगळे एकाच दिवशी, एकाच हाताने वळले होते. त्यातला एक माझ्या हातात द्या. हाताला कळेल काय झालंय ते."

"तुझ्या हातांनीच तर माझं नाक कापलं. ज्या बोटांनी हे वळलं, ती बोटं ह्याच्या हाताला राहता कामा नयेत."

राजा तापट होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण असला हुकूम त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. पाहुण्या राजाला वाटलं, धाक घालायला म्हणत असतील. तो काही बोलला नाही. दिवाणजी बोलले नाहीत, सेनापती बोलले नाहीत.

पानकाकू खांबाला टेकून उभी होती. तिच्याही अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर मनात कुठेतरी तिला बरंही वाटलं. मोठा आला होता मला शिकवायला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात राजा म्हणाला, "काकू, उरलेले घेऊन या वर. आधी ते ह्याच्या डोळ्यांदेखत जाळू आणि मग शिक्षा."

काकू पायऱ्या उतरून तळघरात गेली. माठावरचं झाकण काढलं, फडकं उलगडलं आणि उरलेली, न सोडलेली जुडी उचलली. उचलताच तिचा हात थबकला. जुडी जड लागली. आणली तेव्हा एवढी जड नव्हती.

तिने ती उजेडात धरली. जुडीला बांधलेला दोरा चिरुटांत रुतला होता. ज्या दिवशी जुडी तिच्या हातात आली, त्या दिवशी ह्याच दोऱ्याखाली बोट घालून तिने ती खाली आणली होती. आता तिथे नखही शिरत नव्हतं. दोरा कुणी आवळला नव्हता. आतले चिरूट फुगले होते.

पानं पाणी पितात, हे काकूला कुणी सांगायची गरज नव्हती. तेच तर तिचं सगळं आयुष्य होतं. हिरवं पान पाणी पितं आणि टवटवीत होतं. हे सुकवलेलं पान पाणी प्यालं, आतल्या आत फुगलं आणि त्याने स्वतःचाच गळा दाबून घेतला. त्या माणसाने काहीही केलं नव्हतं. जे केलं ते तिने केलं होतं, रोज न चुकता, आणि तो सांगायला आला तेव्हा त्याचं तोंड बंद केलं होतं.

ती तिथेच माठाशी खाली बसली.

आता नीट ऐका, कारण गोष्ट इथेच आहे. त्या क्षणी तिने वर धाव घेतली असती, तर मला आज ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. काकू उठली, हे खरं. पण तिची नजर त्या ओल्या फडक्यावर गेली. मनात आलं, हे कुणी पाहिलं तर? इतकी वर्षं कमावलेलं नाव, ते भर दरबारात, परक्या राजासमोर जाणार. मी सांगते, सांगणारच आहे, पण जरा रीतीने सांगते. तळघराला ओल होती म्हणेन. माठ आपोआप पाझरला म्हणेन.

आणि काकूने फडकं पिळलं. नीट पिळलं, झटकलं, कोपऱ्यात दडवलं. माठ उपडा केला. जमिनीवर सांडलेलं पाणी पुसून काढलं. जुडी सगळीकडून पदराला टिपली. हात चालत होते आणि ओठ शब्द जुळवत होते.

वर राजा अस्वस्थ होऊन शिपायांना म्हणाला, "काकूंना एवढा वेळ का लागतोय? जाळायचं नंतर बघू. तुम्ही सुरू करा."

काकूला खाली एक किंकाळी ऐकू आली.

तिच्या हातातली जुडी गळून पडली. मग मात्र ती धावली. पायऱ्यांवर ठेचकाळली, पडली, तशीच उठली. दारात पोचली तेव्हा चिरूटवाल्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट त्याच्या हाताला नव्हतं, आणि शिपायाने दुसरं बोट धरलं होतं.

"सोडा त्याला," काकू म्हणाली. "पाणी मी घातलं. चिरूट माझ्या पाण्याने फुगलेत. त्याचा काहीएक दोष नाही." जुळवलेल्या शब्दांतला एकही तिच्या तोंडी आला नाही.

शिपायाच्या हातातली सुरी खाली पडली. राजा आसनावरून उठला आणि तसाच उभा राहिला, त्याला बसायचं सुचेना. पाहुणा राजा त्या रक्ताकडे बघत होता. तो पुटपुटला, "माझा एक झुरका अडला म्हणून?" वैद्य धावले, जखम बांधली.

काकूने चिरूटवाल्यापुढे आपला हात धरला. "माझं बोट घे बाबा. मी खाली होते, मला कळलं होतं, आणि मी माठ पुसत बसले."

वेदनेने त्याचे डोळे मिटले होते. तो म्हणाला, "काकू, तुमचं बोट घेऊन मी त्याचं काय करू? उरलेले चिरूट सावलीत मोकळे पसरा. ऊन लावू नका, वरचं पान तडकेल. नवा चिरूट बाहेरून आला की आधी त्याला काही दिवस कोरडं, मोकळं पडून राहू द्यायचं असतं. एवढंच सांगायचं होतं मला."

काकूने तसं केलं. चिरूट सुकले, हलके झाले, पुन्हा जुडी बांधली तर तोच दोरा सैल पडला. पाहुणा राजा तोवर मुक्कामाला राहिला होता. पुन्हा दरबार भरला. राजाने एक चिरूट पेटवला, पाहुण्याने एक पेटवला. पहिल्याच झुरक्याला धूर अलगद आला. सुई नको, मळणं नको, कापाकापी नको. दरबारभर गोड वास पसरला.

तो वास नाकात शिरला तसं एकेकाने मान खाली घातली. दिवाणजींनी घातली, सेनापतींनी घातली, वैद्यांनी घातली. राजाला दुसरा झुरका घेववेना. चिरूट त्याच्या बोटांतून निसटून मांडीवर पडला आणि वस्त्र जळू लागलं, तरी तो झटकायला हात उचलीना. पाहुण्यानेही आपला चिरूट विझवला आणि बाजूला ठेवला. त्यानंतर त्याने पुन्हा कधी चिरूट ओढला नाही, असं म्हणतात.

राजा चिरूटवाल्याला म्हणाला, "तुला हवं ते माग. अर्धं राज्य माग."

चिरूटवाल्याने बांधलेला हात मांडीवर ठेवला होता. तो म्हणाला, "महाराज, पान ज्या बोटाने दाबून धरायचं, तेच बोट गेलं. आता मला चिरूट वळता येणार नाही. दुसरं मला काही येत नाही, आणि दुसरं मला काही नकोही होतं."

एवढं बोलून तो उठला आणि आपल्या गावाला निघून गेला. त्याला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. राजा रडला, काकू रडली, पण त्या रडण्याने कुणाचं बोट परत येणार होतं?

तात्पर्य : दुसऱ्याच्या हाताला दोष देण्याआधी आपल्या हातांनी काय केलं ते तपासावं, आणि चूक आपली निघाली तर ती पुसत न बसता त्याच क्षणी बोलून दाखवावी.