पिवळी झालेली दिवली

यंत्रं आपापसांत बोलत त्या काळी एका इस्पितळाचे सारे संगणक जोडणाऱ्या पेटीत, म्हणजे स्विचमध्ये, नवी दिवली आली. खरं तेच दाखवायचं, असं दूरच्या कारखान्यात शिकून ती आली होती. इथे पाहते तो थोरलं कार्ड बंद पडल्यास काम उचलायला ठेवलेलं धाकटं कार्डच मेलेलं, आणि तिने मात्र त्याच्यापुढे ‘सगळं ठीक’ म्हणत हिरवं राहायचं, अशी तिथली रीत.

“बिघाड दाखवायला पिवळी झालीस तर आधी तुलाच उपटतील, बाई,” शेजारचा दिवा कुजबुजला. “रोज तपासायला येणारे टिपरेसाहेब दारातूनच हिरवं बघून परततात.”

थोरलं कार्ड तापून थरथरत होतं. साऱ्या रुग्णांची माहिती त्याच्याच हुकमाने ये-जा करायची. “धाकटं ठीक आहे ना गं?” त्याने विचारलं. “तुझ्याकडे बघूनच धीर धरलाय.”

दिवली भीतीने हिरवीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपरेसाहेब दारातून वळणार, तेवढ्यात थोरल्याची थरथर बघून दिवलीने ठरवलं, उपटलं तर उपटू दे, आणि ती पिवळी झाली.