आवडाईचं ऊन पाणी

फार वर्षांपूर्वी, खाडीत शिडाची गलबतं येत होती तेव्हा, उन्हाळवाडीच्या गरम झऱ्यावर आवडाई नावाची एकटी बाई राहायची. झऱ्याचं पाणी असं कढत, की फडक्यात बांधून सोडलेले तांदूळ शिजून निघायचे. पण आवडाई पोर घेऊन कुंडात उतरली, की तेच पाणी धारोष्ण दुधाइतकं निवायचं, असं म्हणतात.

त्याच गावात रत्नू सुतार होड्या बांधायचा. मोठा हुन्नरी, पण घटकाभर स्वस्थ बसेल तर शपथ! त्याची लेक ठकू तीन वर्षांची. जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नव्हती. पुढे तिचे पाय ताठ होऊन एकमेकांवर चढू लागले आणि मुठी उघडेनात. गावच्या बाया पोरं कडेवर मारून पाण्याला जायच्या. जनीला, ठकूच्या आईला, लेक एकदाही कडेवर घेता आली नव्हती. पाय फाकतच नसत, तर पोर कडेवर बसणार कशी? जनी तिला दोन्ही हातांवर आडवी घेऊन जायची. रत्नूच्या जिवाला मात्र चैन नसे.

शेवटी त्याने ठकूला आवडाईकडे नेलं. आवडाई तिला छातीशी धरून पाण्यात नुसती उभी राहिली. ओढणं नाही, दाबणं नाही. दिवस कलून ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं, तेव्हा कुठे पोरीचा अंगठा मुठीबाहेर आला. चौथ्या दिवशी पाय जरा सैलावले, आणि रत्नूला राहवेना. फळी तापवायची, वाकवायची, दोरीने आवळायची, की ती तशीच राहते, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक. घरी नेऊन त्याने लेकीचे पाय फाकवले आणि लाकडी पट्ट्यांना बांधले.

ठकूने टाहो फोडला. पाय होते त्याहून ताठ झाले, दात घट्ट आवळले. तिकडे कुंड असं उसळलं, की तीन दिवस कुणाला बोट बुडवता आलं नाही, असं म्हणतात.

रत्नूने घाईघाईने पट्ट्या सोडल्या आणि लेकीला घेऊन तो आवडाईकडे धावत सुटला.

"चुकलो गे आये! लाकूड समजलो मी तिला."

"लाकूड घाबरत न्हाय, बाबा. पोर घाबरतं. आता तूच धर तिला. आन् काय करायचा न्हाय. नुसता धरायचा."

पाण्याची उकळी बसल्यावर तो लेकीला घेऊन आवडाईपाठोपाठ कुंडात शिरला. पण नुसतं धरणंच त्याला जमेना. हात शिवशिवायचे. तो चिडला, रडला, आवडाईला नाही नाही ते बोलला. तो जेवढा तगमगायचा तेवढं पाणी चटके द्यायचं. अकराव्या दिवशी त्याचे हात दमून गप्प झाले. पाणी निवलं, आणि ठकूचे पाय आपसूक सुटले. जनीने लेक कडेवर घेतली आणि हुंदके देत कुंडाला तीन फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी पाय पुन्हा ताठ! रत्नू धापा टाकत आला.

"आता गे?"

"आता काय? उद्या ये."

तो दुसऱ्या दिवशी आला, आणि पुढे जन्मभर येत राहिला. ठकू कधी धड चालली नाही. पण बापाच्या होडीचं सुकाणू ती धरायची, आणि तिच्या हातची होडी कधी खडकाला लागली नाही, असं म्हणतात. आवडाई एका सकाळी कुंडात उतरली, ती वाफेबरोबर वर गेली. काठावर तिचं लुगडं तेवढं कोरडं राहिलं.

आता कुंडाला फरशी आली आहे, पण आवडाईचं नाव घेतलं की पाणी अजून निवतं, असं म्हणतात. डॉक्टरांना विचारून आया ताठल्या अंगाची पोरं घेऊन येतात. मागे रांग कितीही लांबो, पोर पाण्यात असताना तिथे कुणी "आटपा" म्हणत नाही. चुकून कुणी म्हटलंच, तर गावकरी त्याला आवडाईचं नाव घेऊन कुंडात उतरवतात आणि पोर त्याच्या हातात देतात.