ज्याचा वास, त्याने उठावं

राजे मकरंदरावांच्या दरबारात कुजका वास सुटला होता, आणि नेमके त्याच संध्याकाळी राजकन्येला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलाच्या आईचं नाक भारी तिखट. स्वयंपाकघरात तूप करपलं तर तिला वेशीवर कळतं, अशी तिची ख्याती. धूप जाळून झाला, गुलाबपाणी शिंपडून झालं, अत्तराच्या कुप्या रित्या झाल्या. आता गुलाब आणि कुजका असे दोन्ही वास दरबारात गळ्यात गळे घालून फिरत होते.

"माझ्या दरबारात घाण असूच शकत नाही," राजे गरजले. "हा वास बाहेरून येतोय. कुठून येतोय, हरबाजी?"

प्रधान हरबाजींनी नाकावरचा रुमाल न काढता खिडकीबाहेर बोट दाखवलं. तटापलीकडे भिवराची वस्ती होती. मेलेली जनावरं उचलणं हा त्या वस्तीचा धंदा. कुणाच्या गोठ्यात म्हैस मेली, विहिरीत कुत्रं पडलं, धान्याच्या कोठीत उंदीर सडला की भिवराला बोलावणं जायचं. काम झालं की तिलाच बघून नाकं मुरडली जायची.

राजांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, "ज्याचा इथे वास आहे, त्याने सूर्य मावळायच्या आत गाव सोडावं. आणि हा वास जाईपर्यंत मी सिंहासनावरून उठणार नाही!"

राजे एकदा हट्टाला पेटले की संपलंच. राणीसाहेबांनी जेवणाचं ताट सिंहासनापाशी पाठवलं, तर वासापायी तेही तसंच परत गेलं.

हरबाजींनी दवंडी पिटायला माणसं धाडली ती थेट वस्तीवरच. भिवरा तेव्हा टोपल्या धुऊन उन्हात घालत होती. वस्तीत रडारड सुरू झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन एका दुपारीत जायचं कुठे? भिवराचं डोकं तापलं. उचललेलं जनावर ती लांब माळावर नेऊन पुरायची. वस्तीच्या दारात कधी आणायची नाही. तिनं एक टोपली काखेला मारली आणि तडक दरबार गाठला.

आत पाऊल टाकताच तिनं नाक जरा वर केलं, आणि तिला कळायचं ते कळलं. हा वास वाऱ्यावरून आलेला नव्हताच. तो सिंहासनाखालून येत होता. माश्यासुद्धा तिथंच, राजांच्या पायाशी घोंघावत होत्या. पंचाईत एवढीच, की सिंहासनावर राजे ठाण मांडून बसलेले. 'महाराज, तुमच्याच बुडाखाली सडतंय' असं म्हणायची छाती कुणाची? आणि ते उठल्याशिवाय तिथं हात घालणार कसा?

"निरोप घ्यायला आलीस का?" राजांनी विचारलं.

"व्हय महाराज. पर हुकूम नीट ध्यानात आला न्हाई. पुन्यांदा सांगावा."

राजांनी हुकूम शब्दन् शब्द पुन्हा सांगितला.

"म्हंजी जो कुनी असंल त्यो? ल्हान-थोर न बघता?"

"जो कोणी असेल तो. माझा शब्द म्हणजे शब्द."

"मग एक इचारते. कीर्तनात बुवा म्हनत्यात, देवाचा वास देवळात. तसा आमचा वास तटापल्याड, आज्या-पंज्यापासनं तिकडंच ऱ्हातो आमी. तर मग या दरबारात वास कुनाचा?"

राजांची मान ताठ झाली. "दरबारात वास माझा! माझ्या वाडवडिलांचा. पिढ्यान् पिढ्या आमचाच."

भिवरानं हात जोडले. "दिस कलाया लागलाय, महाराज. उठावं."

हरबाजींचा रुमाल हातातून गळून पडला. राजे ताडकन उभे राहिले आणि त्यांचा हात तलवारीच्या मुठीकडे गेला. "मी? मी गाव सोडू?"

"न्हाई महाराज. उठलासा, तेवढं बास हाय."

राजे पुढं काही बोलायच्या आत भिवरानं सिंहासनाची गादी बाजूला केली, खालची फळी सरकवली आणि हात घालून एक गलेलठ्ठ मेलेली घूस बाहेर काढून टोपलीत टाकली. घुशीच्या तोंडात अजून लाडवाचा तुकडा होता.

"हिचाबी वास हितंच हुता," भिवरा म्हणाली. "जित्ती हुती तवर फळीखाली ऱ्हायाची, मेल्यावर समद्यांच्या नाकात ऱ्हायली. हुकूम हिलाच लागू हाय. दिस मावळायच्या आत गाव सोडतीया."

राजांची नजर त्या लाडवावर खिळली. "दरबारात लाडू कुणी ठेवले?"

हरबाजी चाचरले. "पाहुणे यायचे म्हणून... घुशींसाठी... विषाचे. मला वाटलं, मरायला त्या बाहेर जातील."

"आन् मरताना तुमची परवानगी काढत्याल, व्हय प्रधानजी?"

राजांनी आधी हरबाजींकडे पाहिलं, मग सिंहासनाकडे. आपण सकाळपासून हट्टानं कशावर बसलो होतो, ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते असे हसत सुटले की डोक्यावरचा मंदील कानावर आला. मग सगळा दरबार हसला. नाकावरचे रुमाल काढून मोकळेपणी हसला.

डोळे पुसत राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं आणि कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. या वस्तीचा वास तिथेच कायम राहील."

"जपून लिवा, महाराज," भिवरा घाईघाईनं म्हणाली. "वास नगं, जागा लिवा. न्हाईतर उद्या प्रधानजी पुन्यांदा दवंडी धाडतील."

राजे पुन्हा हसले. "बरं, जागा. आता ती टोपली तेवढी बाहेर ने. पाहुणे येतील."

"म्या धरून दिली, महाराज. हुकूम बजावायचं काम प्रधानजींचं."

राजांनी हरबाजींकडे पाहून नुसती भुवई उचलली. हरबाजी मुकाट्यानं वाकले. भिवरानं टोपलीवर फडकं झाकलं, ती आपल्या हातानं त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि मागच्या दारापर्यंत त्यांना पोचवायला गेली.

"सांभाळून चला, प्रधानजी," ती म्हणाली. "आन् माळावर खड्डा खोल घ्या. वरवर पुरलंसा तर उद्या मलाच बोलावनं याचं."