पितळेचा पंखा

"हे कुठल्या गाढवाचं काम असेल, वस्ताद?"

अभिनंदन चौगुलेने रुमालात बांधून आणलेले पितळेचे दोन तुकडे बाकड्यावर ठेवले. इंजिनाभोवती पाणी फिरवणारा पंखा होता तो. हाताने कापलेला, हाताने ठोकलेला. पाकळ्या पाच, आणि पाचही निरनिराळ्या.

दस्तगीर शिकलगार चहा पीत होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांनी बशी खाली ठेवली, तुकडे उचलून डोळ्यांजवळ नेले, उलटेसुलटे करून पाहिले.

"ह्या गाढवाचं," म्हणाले, आणि स्वतःच्या छातीला बोट लावलं.

…

अभिनंदनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तो काही कच्चा माणूस नव्हता. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात यंत्रांची डिझाइन करायचा. गडहिंग्लजजवळच्या एका पोल्ट्रीच्या शेडमधून त्याने ती हिरवी, दोन माणसांची, कापडी टपाची विलायती स्पोर्ट्स गाडी उचलून आणली, त्याला चार वर्षं झाली होती. तिचा एकेक नट त्याने स्वतः खोलला होता. एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले, टायर रुंद केले, इंजिनाची ताकद वाढवली. आणि हे सगळं वस्तादांच्या गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली, त्यांच्याच डोळ्यांदेखत. रंग मात्र मूळचाच ठेवला. हिरवा.

"कापलास व्हय?" वस्तादांनी विचारलं.

"अडकून बसला होता. करवत लावावी लागली."

"अडकणारच. ठोकून बसवला हुता."

आवाजात राग नव्हता. म्हणून अभिनंदनला जास्तच लागलं.

"तवा ही गाडी डॉक्टर सामंतबाईंची. त्र्याहात्तर साल. पाण्याच्या पंपाचा पंखा फुटला, आणि बाईंना तर सांजच्याला गारगोटीला बाळंतिणीकडं पोचायचं. सामान मिळणार कुठलं? आमच्या आईचा पानाचा डबा हुता पितळी. त्याचं बूड कापलं. एक दिस निभावला म्हंजी झालं, म्हटलं."

"बाईंनी दोन हजार चारपर्यंत चालवली गाडी," अभिनंदन हळूच म्हणाला. कागद त्याच्याकडेच होते. "एकतीस वर्षं."

"असंल. त्या पंपासाठी परत काय आली न्हाई माझ्याकडं."

…

"वस्ताद, खरं सांगू? मी दुसऱ्याच कामाला आलोय."

त्याने इंग्लंडहून नवा पंखा मागवला होता. पाच महिने वाट पाहिली होती. अगदी कंपनीच्या पुस्तकाबरहुकूम, केसाचाही फरक नाही. आणि तो बसवल्यापासून गाडी पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या वळणाला उकळायला लागली होती. एकदा नव्हे, चारदा. रेडिएटर बदलला, नळ्या बदलल्या, वाघबीळ काही ओलांडता येईना.

"माप बरोबर हाय?"

"शंभर टक्के."

"मग गाडी चुकली."

वस्ताद उठले. पंखा ज्यात फिरतो ते पंपाचं बिडाचं घर त्यांनी खोलून घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"डोळं मीट. बोट घाल आत. फिरीव."

अभिनंदनने बोट फिरवलं.

"काय लागतंय?"

"खरखरीत आहे… झिजलंय. सगळीकडून खाल्लं गेलंय."

"पुस्तकाला ठावं हाय ह्ये?"

अभिनंदनने बोट पुन्हा एकदा फिरवलं. आतली जागा पाण्याने खाऊन मोठी झालेली, आणि पंखा मात्र कोऱ्या गाडीच्या मापाचा. पाणी ढकललं जाणार कसं? इतकी साधी गोष्ट! चार वर्षांत त्याने त्या घरात दहादा कॅलिपर घातला असेल, पुस्तकाशी ताडून पाहिला असेल आणि आकडा जुळला नाही की पुस्तकावर विश्वास ठेवला असेल. बोट कधी घातलंच नव्हतं.

वस्तादांनी फळीवरून पितळेचा जाड पत्रा काढला, एक कानस काढली, दोन्ही त्याच्या हातात ठेवली. मग त्याच्या खिशातला कॅलिपर अलगद उपसून आपल्या कोटाच्या खिशात टाकला.

"अहो, मग माप कशाने घेऊ?"

"घेतलंस की आत्ताच."

पहिला पंखा घराला घासला. दुसरा ढिला झाला. त्यात दोन रविवार गेले. अभिनंदनच्या तळहाताला फोड आले, ते फुटले. कारखान्यात त्याच्या एका खुणेवर यंत्रं पोलाद कापायची, आणि इथे वीतभर पितळ त्याचं ऐकेना. तिसऱ्या रविवारी त्याने कानस बाकड्यावर टाकली.

"वस्ताद, तुम्हीच करून द्या ना."

"मी केला हुता," वस्ताद म्हणाले. "तू कापलास."

…

अभिनंदनला आधी राग आला आणि मग हसू फुटलं. वस्तादही हसले. बशीत चहा ओतून त्यांनी ती त्याच्यापुढे सरकवली. चहा पिऊन त्याने कानस पुन्हा उचलली.

त्या दुपारी त्याला वेळेचं भान राहिलं नाही. दोन हात कानस मारायची, पंखा घरात घालून बोटाने फिरवायचा, कान लावायचा. खर्र वाजलं की काढायचा. कुठली पाकळी जड जाते ते बघता बघता हातालाच कळायला लागलं. खर्र थांबलं तेव्हा त्याने पंखा उजेडात धरला. पाच पाकळ्या, पाचही निरनिराळ्या. दाखवायची लाज वाटली त्याला.

वस्तादांनी बोटाने एक गिरकी दिली. आवाज नाही.

"बसव," म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी दोघं निघाले. कापडी टप मागे दुमडला होता. वस्तादांनी डोक्याला मफलर गुंडाळून पाय लांब पसरले होते. केर्ली मागे पडली, चढ लागला. अभिनंदनचा एक डोळा रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर.

वाघबीळचं वळण आलं…

काटा मध्यावर होता. तिथेच राहिला.

गाडी गुरगुरत वर चढली. अभिनंदन मोठ्याने काहीतरी ओरडला, काय ते त्यालाही कळलं नाही. वस्ताद खाली दिसणाऱ्या उसाच्या फडांकडे बघत होते.

पन्हाळ्याच्या नाक्यापाशी त्याने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पंपावर हात ठेवला. ऊन होता, पण चटका नव्हता. वारा सुटला होता. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या गाडीत काही बदलावंसं त्याला वाटत नव्हतं. तो नुसता बघत उभा राहिला, पोट भरलेल्या माणसासारखा.

वस्तादांनी टोपलीवाल्या बाईकडून तिखटमीठ लावलेली काकडी घेतली होती. अर्धी त्याला दिली.

"वस्ताद," अभिनंदनने विचारलं, "किती वर्षं टिकेल हो माझा पंखा?"

वस्तादांनी काकडीचा घास संपवला. हात झटकले. मफलर पुन्हा डोक्याला घट्ट बांधला आणि गाडीत जाऊन बसले.

"अजून घाट उतरायचा हाय," म्हणाले.